साठ टक्क्यांचा नवरा

मला अन्नपूर्णाबाईचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला माझ्या तोंडाकडे बघून अंदाज बांधत बसायला नको. ती आजारी आहे, येत्या सोमवारी नागपूरला तिचं मोठं ऑपरेशन आहे, आणि तरीही वाटतो. गावातल्या बायका म्हणतील, जयमालेच्या जिभेला हाड नाही. नसू दे. त्यांच्या जिभेत कुठे आहे?

हेवा तिच्या घराचा नाही, तिच्या पुतळ्यांच्या माळेचा तर मुळीच नाही. हेवा एका शब्दाचा आहे. माझे यजमान, म्हणजे गावाचे गजेंद्र सर, यांनी लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मला कधी 'नक्की' म्हटलेलं नाही. एकदाही नाही. आणि तोच शब्द त्यांनी तिला देऊन टाकला. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी हा माणूस काय चीज आहे ते सांगावं लागेल.

मी दुसरबीडची. इकडे सातपुड्याच्या पायथ्याशी लग्न होऊन आले. जळगाव जामोद आणि संग्रामपूर यांच्या मधलं आमचं गाव. माझं 'मला' आणि इकडचं 'मले' एवढ्या वर्षांत अर्धंअर्धं होऊन गेलंय. बघायला आले तेव्हा सर नुकतेच शाळेत विज्ञानाला लागले होते. पोहे झाले, चहा झाला. माझ्या वडिलांनी, नारायणरावांनी, रीतीप्रमाणे विचारलं, "मग, मुलगी पसंत आहे का?"

सर म्हणाले, "आत्ता तरी पसंत आहे."

माझ्या मामांनी हातातली बशी खाली ठेवली. बाबा म्हणाले, "आत्ता तरी म्हणजे?"

"म्हणजे आत्तापर्यंत जेवढं पाहिलं, त्यावरून."

मी आत दाराआड उभी. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. सरांच्या काकांनी हसण्यावारी नेलं म्हणून निभावलं. नंतर बाबा म्हणाले, पोरगं खोटं बोलणार नाही. माझी आई सरस्वतीबाई फटकळ, ती म्हणाली, खरं बोलून संसार होतो का? दोघांचंही बरोबर निघालं.

कसंही करून हा माणूस हातात सापडत नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर म्हणतील, "मले तरी बरोबर लागते." गाडी किती वाजता येईल विचारलं तर, "यायची वेळ चारची आहे." येईल असं नाही म्हणणार. मनाली, आमची पोरगी, बारावीच्या पेपरला निघाली तेव्हा पाया पडून म्हणाली, "बाबा, चांगला जाईल ना?" सगळे बाप काय म्हणतात? हे म्हणाले, "अभ्यास पाहता चांगला जाण्याची शक्यता जास्त आहे." ती यांच्यावरच गेली आहे म्हणून हसली. मी असते तर पेपर टाकून घरी बसले असते.

ग्रहांची गोष्ट तर सगळ्या तालुक्याला माहीत आहे. सर कित्येक वर्षं मुलांना नऊ ग्रह शिकवत होते. मग शास्त्रज्ञांनी ठरवलं की प्लूटो त्यांच्यात धरायचा नाही. पुस्तकं बदलली. दुसरा मास्तर असता तर गुपचूप आठ शिकवून मोकळा झाला असता. आमचे सर आठवडी बाजारात जुने विद्यार्थी दिसले की पिशवी खाली ठेवून त्यांना थांबवायचे. "अरे, ते नऊ ग्रह सांगितले होते ना, ते आता आठ धर." समोरचा कांदे विकत असायचा, त्याला दोन पोरं झालेली. तो म्हणायचा, "हाव सर, आठ तं आठ." एकदा मीच चिडून म्हटलं, "कोणाचं काय अडलंय नवव्यावाचून?" तर म्हणाले, "मी शिकवलं होतं. चूक आहे हे समजल्यावर सांगायले नको?" आणि त्यांच्या तोंडावर असा काही आनंद होता की जसा काही चुकण्यातच मोठा पराक्रम. म्हणाले, "विज्ञानाचं हेच तर मले आवडते, जया. ते आपलं म्हणणं परत घ्यायले लाजत नाही."

विज्ञान म्हणजे माझी सवतच. खरी सवत परवडली असती, तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. 'शक्यता' नावाच्या बाईच्या झिंज्या कुठून धरायच्या?

हसण्यावारी नेते, पण एक गोष्ट हसण्यावारी जात नाही. मनाली पोटात होती तेव्हा सहाव्या महिन्यात मला रक्त गेलं. जीपमध्ये मागच्या सीटवर आडवी, डोकं यांच्या मांडीवर. मी यांचा शर्ट मुठीत धरून विचारलं, "बाळ वाचेल ना?" मला माहीत होतं, यांना माहीत असायचं कारण नाही. तरी बाईमाणूस असं विचारतं तेव्हा काय म्हणायचं हे जनावरालाही कळतं. हे म्हणाले, "दवाखान्यात पोचू तं पहिले. आत्ता काही सांगता येत नाही." बाळ वाचलं, मोठं झालं, पुण्याला शिकायला गेलं. पण ते उत्तर माझ्या छातीत तसंच बसून आहे.

मी शिवणकाम करते. निम्म्या गावाची ब्लाउजं माझ्या मशीनवर होतात. टेप कधी 'शक्यता आहे' म्हणत नाही. छत्तीस म्हणजे छत्तीस. अशा बाईनं अशा माणसाबरोबर कसं राहायचं, ते तुम्हीच सांगा.

आणि घराच्या दोन घरं पलीकडे कोण? तर रंगराव.

आमच्या भागात अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, घट मांडायची रीत आहे. मोठे नावाजलेले घट वेगळे, आमच्या गावचा आपला लहान. गावाबाहेरच्या वावरात संध्याकाळी गोल आखतात, त्यावर गहू, ज्वारी, सरकी, तूर, उडीद असे एकेक धान्याचे पुंजके ठेवतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांच्यावर पाण्यानं भरलेलं मडकं. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे जाऊन बघायचं. कोणतं ढेकूळ किती भिजलं त्यावरून पाऊस, कोणतं धान्य किती विखुरलं त्यावरून पीक. सांगायचा मान रंगरावाच्या घराण्याचा. रंगराव फेटा बांधून उभा राहतो आणि असं सांगतो की जणू ढगांनी त्याला विचारून निघायचं ठरवलंय. "जून नक्की भरून जाते. कपाशी नक्की चांगली. उडदाचं कोणी नाव काढू नका."

नक्की, नक्की, नक्की. जोंधळे पेरावेत तसा तो शब्द पेरत जातो.

त्या सकाळी अन्नपूर्णाबाईचा थाट बघावा. ती रंगरावाची बायको. अंगणात गाड्या उभ्या, ओट्यावर नारळांचा ढीग, आणि ही हिरवं लुगडं नेसून सगळ्यांना चहा देते. ब्लाउज मीच शिवलेलं. लोक तिच्यासुद्धा पाया पडतात. आणि आमच्याकडे? शिक्षकदिनाला पेन येतात. निळे. एक बरणी भरून पेन आहेत माझ्याकडे, त्यांतले अर्धे चालत नाहीत.

रंगरावाचं सांगणं चुकलं तर कोणाला राग येत नाही, हेच खरं माझ्या पोटात दुखतं. म्हणतात, "घट बरोबरच होता. कोणीतरी चपला घालून गोलात गेलं असन." आमच्या सरांचं चुकलं तर?

तेही सांगते. चारेक वर्षांपूर्वी सरांना काय वाटलं कोण जाणे, शाळेच्या बाहेरच्या भिंतीवरच्या फळ्यावर रोज पावसाचा अंदाज लिहायला लागले. वेधशाळेचं मोबाइलवर बघायचं, शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवलंय त्याचं बघायचं, आणि खडूनं लिहायचं. 'उद्या पावसाची शक्यता तीस टक्के.' लोक वाचायला लागले. मीही मिरवायला लागले, खोटं कशाला बोलू. चक्कीवर बायका विचारायच्या, "आज सरांनी किती देले?" मला तेव्हा त्या 'देले'मधलं काही कळलं नाही.

जूनमध्ये एक दिवस सरांनी लिहिलं, 'साठ टक्के'. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावानं सोयाबीन पेरलं. का? तर साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास! आमच्या गावात टक्के फक्त निकालाच्या दिवशी ऐकायची सवय. पस्तीस म्हणजे काठावर पास, साठ म्हणजे पहिला वर्ग. पाऊस पहिल्या वर्गात पास झाला म्हणजे येणारच, असा हिशेब. पाऊस आला नाही. पंधरवडाभर आला नाही. बी मातीत भाजलं आणि गावाला दुबार पेरणी करावी लागली.

लोक शाळेच्या फाटकापाशी जमले. सर बाहेर आले आणि समजावायला लागले. "साठ टक्के म्हणजे असे दहा दिवस आले तर त्यांतल्या सहा दिवशी पाऊस पडतो. चार दिवशी नाही."

राजकुमार म्हणून एक आहे, कृषी केंद्र चालवतो, तो म्हणाला, "मंग तो दिवस सहातला होता का चारातला?"

"ते आधी सांगता येत नाही."

"मंग लिहिता काऊन?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी हात जोडून सांगितलं, टक्क्यांचा अर्थ आधी समजावून द्यायला पाहिजे होता, ती माझी चूक. त्याच वर्षी रंगरावानंही 'जून नक्की भरून जाते' असं सांगितलं होतं. कोणी त्याच्या दारात गेलं? नारळ परत मागितले? फळा पुसला गेला आमचा. पोरंटोरं मागून ओरडायला लागली, "साठ टक्के सर!" आणि मी झाले साठ टक्क्यांची बायको. त्या दिवसापासून मी अन्नपूर्णाबाईचं ब्लाउज हातात घेतलं की सुई जरा जोरातच टोचायची.

मागच्या दिवाळीच्या आधी तिचं माप घेताना मला पहिल्यांदा जाणवलं. दंड सैल झाला होता आणि पाऊल सुजलेलं. तिच्या पायातली जोडवी रुतून बसली होती. शेजारपणाच्या नात्यानं मी तिला जाऊबाई म्हणते. म्हटलं, "जाऊबाई, दाखवून घ्या." तिनं हसून टाळलं. आमचा हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी असं की चहा फुटतो. किडनीची दुखणी इकडे घरोघर ऐकायला मिळतात. तिचंही तेच निघालं. दोन्ही किडन्या जाऊ लागलेल्या. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस सुरू झालं.

वाईट वाटलं. वाटलंच. पण त्याच्या शेजारी दुसरंही काही वाटलं. आता बघू, रंगरावाचं ढेकूळ काय सांगतं ते. माणसाचं मन असंच असतं, माझं जरा जास्त असेल.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, रंगराव आमच्या परसदारानं आला. डोक्याला फेटा नाही, खांद्यावर दुपट्टा, आणि दुपट्ट्याखाली रिपोर्टांची फाइल लपवलेली. सर घरीच होते.

"बसा भाऊ," सर म्हणाले.

"बसतो. पण पहिले दार लोटा."

मी दार लोटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कान दिला. त्यात लपवायचं काय?

रंगराव म्हणाला, "सर, घट गावाचं सांगते. मांडणाऱ्याच्या घरचं सांगत नाही. आमच्या बापानं घालून देलं हाये, सोताच्या घरचं घटाले विचाराचं नाही." त्यानं दुपट्ट्याखालची फाइल काढून मांडीवर ठेवली. "लोकं म्हणतात, महाराज, तुमच्या घरी काय होते, तुमच्यावर देवाची नजर हाये. डाक्टर म्हणते, घाबरू नका, सारं चांगलं होईन. पोरगा म्हणते, बाबा, आईले काहीच होत नाही. सारे माह्यासारखेच बोलून राह्यले, सर. मले माहा आवाज वळखू येते."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुम्हाले जे माहीत हाये ते सांगा. आन् जे माहीत नाही, तेबी सांगा."

सरांनी चष्मा लावला. फाइल उघडली. तासभर एकेक कागद वाचला. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे यांनी खिडकीपाशी धरून क्षणभर बघितला होता आणि म्हणाले होते, "दिसते तं ठीक." इथे तासभर. रंगरावानं विचारलं, हे खाऱ्या पाण्यानंच झालं का. सर म्हणाले, "असू शकते. वहिनीले बीपी होतं, सांध्याच्या गोळ्याही वर्षानुवर्षं खाल्ल्या. कशानं किती झालं ते सांगता येत नाही." डॉक्टरांनी सुचवलं होतं की रंगरावाची एक किडनी अन्नपूर्णाबाईला बसवता येईल, तपासण्या जुळल्या होत्या. त्याला विचारायचं होतं, द्यावी का, आणि दिली तर ती वाचेल का.

सर म्हणाले, "मी डॉक्टर नाही, भाऊ. पण इथं लिहिलं आहे त्यावरून, घरच्या माणसाची किडनी बसवलेल्या शंभर जणांतले नव्वदच्या वर लोक पहिलं वर्ष चांगलं काढतात."

"नव्वद म्हंजे डिस्टिंक्शन, सर."

"नाही भाऊ. ते गुण नाहीत. नव्वद जण राहतात आणि दहाएक जणांचं बिनसते. वहिनी त्या नव्वदात की त्या दहात, ते कोणालेच माहीत नाही. तुमच्या जिवालाही थोडा धोका आहे."

रंगरावानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. म्हणाला, "हे एक बरं झालं. आता मले समजलं मी काय करून राह्यलो." उठला, आणि परसदारानंच गेला.

माझ्या जिभेला अशी खाज सुटली म्हणून सांगू! घट मांडणारा महाराज साठ टक्के सरांच्या दारात, तेही मागच्या दारानं. चक्कीवर नुसतं एक वाक्य टाकायचं होतं. चार वर्षांचं उट्टं निघालं असतं. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जया, हे शक्यतो कोणाजवळ बोलू नको." शक्यतो! इथेही शक्यतो. मी नाही बोलले. का नाही बोलले ते मला अजून कळलेलं नाही.

रंगरावानं किडनी द्यायचं ठरवलं आणि नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. तपासण्या, परवानग्या, समितीसमोर हजेरी. दर खेपेला रंगरावाला सर बरोबर हवे. हे सुट्ट्या टाकून जायचे. शेगावहून गाडी धरायची, दोन-दोन दिवस तिकडे. परत आले की सांगायचे, वहिनींनी आज खिचडी खाल्ली, वहिनींचं हिमोग्लोबिन इतकं. मला ताप आला तेव्हा माझं हिमोग्लोबिन कोणी विचारलं होतं? सरांना बघून मला वाटायचं, या माणसाचं 'माहीत नाही' आख्खं गाव सोडून एका घरानं मागितलं, आणि हा तिथे देहभान विसरून ते वाटतोय. घरात फुकट मिळत होतं तर मला नको होतं. आता दुसऱ्याच्या घरी जायला लागलं तर माझा जीव खालीवर व्हायला लागला.

यंदा घट मांडला गेला. रंगराव फेटा बांधून उभा राहिला. आवाज तोच, पण दोनदा अडखळला, आणि जूनबद्दल सांगताना एकदम "असं दिसून राह्यलं" म्हणून गेला. लोकांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. हे शब्द कुठल्या घरातून आलेत ते मला माहीत होतं.

आणि काल अन्नपूर्णाबाईचा निरोप आला, टेप घेऊन ये.

मी ओटीचं सामानही घेतलं. गावातून एवढ्या मोठ्या कामाला निघालेली सवाष्ण, रिकाम्या हातानं कसं जायचं. ती बाजेवर बसली होती, पाय उशीवर. तोंड सुजलेलं आणि रंग राखेसारखा. पण डोळे! मी इतक्या वर्षांत तिचे डोळे असे पाहिले नव्हते.

"ये व जया. आखाजीचं ब्लाउज शिवाचं हाये."

"आखाजी तर झाली."

"पुढच्या आखाजीचं."

मी दंडाला टेप लावली. टेप हातात तशीच राहिली, इतका दंड वाळलेला. विचारलं, "माप कोणतं धरू, जाऊबाई? आजचं धरलं तर..."

"आजचं कायले? मागच्या वर्षीचं धर. बरी होऊन येऊन राह्यली नं मी."

आता मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊंनी सांगितलं वाटतं?"

ती हसली. "त्याईचं राहू दे. लग्न झाल्यापासून ऐकून राह्यली मी त्याईचं नक्की. ढेकूळ वलं असो का कोरडं, आवाज तोच. त्या नक्कीनं गावाले झोप लागते, मले नाही लागत." मग माझा हात धरून जवळ ओढलं. "परवा तुह्या नवऱ्याले विचारलं म्या. म्हटलं, सर, तुम्ही तं खोटं बोलत नाही. मी वाचीन का? चष्मा काढून पुसला व त्याईनं. मंग म्हणाले, वहिनी, तुम्ही बऱ्या होऊन येता. नक्की. दोनदा म्हणाले, नक्की. तवापासून मले घास गिळते."

मी टेप गुंडाळत होते.

"तुहा हेवा वाटते, जया," ती म्हणाली. "असा माणूस घरात. त्यानं म्हटलं म्हंजे काया दगडावरची रेघ."

ओटी भरली, नमस्कार केला आणि घरी आले. रस्त्यात कोणाशी बोलले नाही. अंगाची नुसती लाही झाली होती.

सर शाळेतून आले, हातपाय धुतले. मी चहा पुढे ठेवला नाही. म्हटलं, "अन्नपूर्णाबाईला नक्की म्हणालात?"

ते टॉवेल हातात घेऊन तसेच ओट्यावर बसले. "तिनं सांगितलं?"

"दोनदा म्हणालात म्हणे."

"हाव." खाली बघत म्हणाले, "चूक झाली, जया. मले माहीत नव्हतं आणि मी माहीत आहे म्हटलं. तिनं डोळ्यांत पाहून विचारलं. मले ते शंभरातले दहा जण आठवले. तोंडातून निघून गेलं. काल वर्गातही धड शिकवता आलं नाही."

त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. दुसऱ्या कोणा बाईला दया आली असती. मला नाही आली.

"जीपमध्ये मी विचारलं होतं," मी म्हटलं. "मनाली पोटात होती. तुमचा शर्ट धरून विचारलं होतं. तेव्हा नाही निघालं तोंडातून? मला एकदा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं तुमच्या विज्ञानाचं? परक्या बाईला दोनदा, आणि मला सव्वीस वर्षांत एकदा नाही!"

माझा आवाज फुटला. शेजारी ऐकू गेला असणार. गेला तर गेला.

सरांनी टॉवेल मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तिच्याशी खोटं बोलता आलं, कारण ती परकी आहे. तुझ्याशी नाही येत."

"का नाही येत?"

"ते माहीत नाही. पण येत नाही." टॉवेलाची घडी केली, परत उलगडली. "हे नक्की."

मी ऐकलं. बरोबर ऐकलं. ते स्वतःच दचकल्यासारखे माझ्याकडे बघत होते. मग मी आत जाऊन चहा ठेवला आणि चुलीपुढे तोंड करून पदरानं डोळे पुसले, कारण एवढ्याशा शब्दासाठी रडताना त्यांनी बघितलं असतं तर मला लाज वाटली असती.

आता वाटेल, हेवा गेला. कसला जातोय! तिला आधी मिळालं आणि दोनदा मिळालं. मला नंतर आणि एकदाच.

आज सकाळी मशीनवर बसले. हिरवं कापड, सोनेरी काठ. मागच्या वर्षीचं माप धरलं आणि कात्री चालवली. सोमवारी सरांबरोबर मीही नागपूरला जाणार आहे, असं सकाळीच सांगून टाकलंय. त्या शंभरांतले नव्वद कोण आणि दहा कोण, हे सरांना माहीत नाही, डॉक्टरला नाही, घटालाही नाही. मला एवढंच कळतं की बाईनं परत यावं, हे ब्लाउज घालून ओट्यावर उभं राहावं आणि सगळ्या गावानं तिच्या पाया पडावं. हेवा करायला समोर माणूस तर पाहिजे.